भिंतीवर ‘वावर’ लिहिताना: सुलेखन आणि ग्राफिटी यांचा मेळ कसा घालावा

विदर्भातील कोणत्याही गावात शिरताना पहिली भेट होते ती लिहिलेल्या भिंतींशी. बियाण्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिराती, ग्रामस्वच्छतेच्या घोषणा, शाळेच्या आवारभिंतीवरची बाराखडी, मागच्या निवडणुकीतले अर्धवट पुसलेले चिन्ह, हे सगळे आपण एसटीच्या खिडकीतून वाचत जातो. ग्राफिटी हा शब्द परका असला तरी भिंतीवर लिहिणे आपल्याला परके नाही. मात्र यातली बहुतेक अक्षरे लिहिलेली नसतात, रंगवलेली असतात. पेंटर आधी खडूने अक्षराची बाह्यरेषा आखतो आणि मग आत रंग भरतो. मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत याच पद्धतीने पाट्या रंगवत या कामात आलो आणि त्या कामाच्या शिस्तीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण सुलेखन आणि ग्राफिटी यांना एकत्र आणायचे असेल तर ही सवय आधी सोडावी लागते, कारण बोरूने लिहिणारा लेखनिक आणि डब्याने फवारणारा शहरातला मुलगा या दोघांचेही अक्षर हाताच्या एका ओघात उतरते. पुढे जे सांगितले आहे, मग ते हत्याराविषयी असो, भिंतीविषयी असो की शब्दाविषयी, ते सर्व हा ओघ मोठ्या आकारात कसा टिकवावा याविषयीच आहे.

या कलेला जगभर कॅलिग्राफिटी म्हणतात. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका प्रदर्शनाला हे नाव दिले गेले होते आणि २००७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नील्स श्यू म्यूलमन या चित्रकाराने आपल्या प्रदर्शनासाठी तेच नाव वापरल्यावर ते रूढ झाले. अरबी अक्षरांत काम करणाऱ्या एल सीड या कलावंताने २०१२ मध्ये ट्युनिशियातील गाबेस शहरात एका मशिदीच्या ४७ मीटर उंच मिनारावर लेखन केले आणि २०१६ मध्ये कैरोतील सफाई कामगारांच्या वस्तीत सुमारे पन्नास इमारतींवर मिळून एकच रचना लिहिली. ती पूर्ण दिसते ती केवळ जवळच्या मोकत्तम टेकडीवरून. यातून घेण्याजोगी गोष्ट आकार नव्हे, तर पाहणाऱ्याची जागा आधी ठरवणे ही आहे. आपल्याकडे देवनागरीचे मोकळे, चित्रमय लेखन र. कृ. जोशी यांनी आणि त्यांच्यानंतर मोडीचा अभ्यास करून पुढे आलेल्या अच्युत पालव यांनी मराठी माणसाच्या डोळ्यांना ओळखीचे केले. त्यामुळे गावातल्या भिंतीवर हे काम करणाऱ्याला सुरुवात कोऱ्या जागेवरून करावी लागत नाही.

धार आणि तिचा कोन

देवनागरी ही चपट्या धारेच्या लेखणीची लिपी आहे. अक्षराचा जाड-बारीकपणा दाब देऊन येत नाही, धारेच्या कोनातून येतो. इंग्रजी अक्षरांसाठी जी चपटी लेखणी धरतात, तिच्या नेमका उलट आपला कोन असतो. लेखणीच्या धारेचे डावे टोक वर आणि उजवे टोक खाली, असा सुमारे ४५ अंशांचा कल ठेवावा. असे धरले की वरून उजवीकडे खाली उतरणारी रेषा केसासारखी बारीक पडते आणि उजवीकडून डावीकडे खाली येणारी रेषा पूर्ण जाडीची पडते. गोल काढला तर त्याची डावी-वरची आणि उजवी-खालची बाजू भरते, उरलेल्या दोन बाजू निमुळत्या होतात. उभा दंड आणि शिरोरेषा या दोघांची जाडी सारखीच येते आणि ती धारेच्या रुंदीच्या सुमारे सात-दशांश असते, म्हणजे चार इंची ब्रशने काढलेला काना पावणेतीन इंचांच्या आसपास भरतो. हे गणित लिहायला बसण्यापूर्वी माहीत असावे, कारण भिंतीवर शब्द मावेल की नाही हे त्यावरून कळते. अक्षराची उंची मी धारेच्या रुंदीच्या पाच ते सहा पट ठेवतो. त्यापेक्षा कमी ठेवली तर अक्षर गुदमरते आणि फार वाढवली तर ते काटकुळे दिसते.

कोन हाताला लागेपर्यंत रंगाला हात लावू नये. दोन खडू एका काडीला बोटभर अंतरावर बांधावेत आणि काळ्या फळ्यावर किंवा घराच्या ओट्यावर लिहावे. दोन समांतर रेषा उमटतात, त्यांच्यातले अंतर म्हणजेच लेखणीची जाडी, आणि कोन कुठे बिघडला हे लहान मुलालाही दिसते. हा सराव महिनाभर रोज अर्धा तास केला तरी पुरे. शाळेतल्या मुलांकडून हा सराव करून घ्यायला मला फार आवडते, कारण अनेक मुलांना आपण आजवर लिहीत आलेल्या अक्षराला जाडी असते हे तेव्हा प्रथमच कळते.

फड्याची लेखणी

मोठ्या अक्षरासाठी बाजारातला चार इंची चपटा ब्रश पुरतो, पण तो फार तर दोन फुटांच्या अक्षरापर्यंत. त्याच्या पुढे जायचे असेल तर गावात मिळणारे सर्वांत चांगले हत्यार म्हणजे शिंदीचा फडा, म्हणजेच शिंदीच्या पात्यांचा झाडू. परदेशातले कॅलिग्राफिटी करणारेही झाडूने लिहितात, पण शिंदीच्या पात्यात जो ताठपणा आणि लवचिकपणा एकत्र असतो तो मला प्लास्टिकच्या झाडूत कधी सापडला नाही.

नवा फडा घ्यावा आणि त्याची बांधणी सोडून पाती रात्रभर पाण्यात भिजत घालावीत. सकाळी ती मऊ झालेली असतात. पाटावर ती एकमेकांना लागून अर्धा इंच जाडीच्या थरात पसरावीत. नऊ इंच लांबीच्या बांबूच्या दोन कामट्या घ्याव्यात, एक थराखाली आणि एक थरावर, टोकांपासून चार बोटे अंतरावर ठेवाव्यात आणि बारीक तारेने दोन्ही बाजूंनी व मधे अशा तीन ठिकाणी करकचून आवळाव्यात. बांधणी सैल राहिली तर लिहिताना पाती पंख्यासारखी पसरतात आणि धार नाहीशी होते. मग टोके पाटावर दाबून धारदार कोयत्याने एका रेषेत छाटावीत. छाटलेली टोके पुन्हा ओली करून गुळगुळीत दगडाने हलके ठेचावीत. कडुनिंबाची काडी चावून दातवण करतो तसे पात्यांचे तंतू मोकळे होतात आणि रंग धरू लागतात. शेवटी कामट्यांच्या मध्यावर चार फुटी काठी पक्की बांधावी. काठी लांब असली की हालचाल मनगटातून न होता खांद्यातून आणि कमरेतून होते, आणि भिंतीवरच्या अक्षराला तीच हालचाल लागते.

या लेखणीची पहिली परीक्षा पाण्यावर घ्यावी. सिमेंटच्या अंगणात बादलीभर पाणी घेऊन सकाळी लिहावे. उन्हाळ्यात शब्द काही मिनिटांत वाळून जातो आणि तीच जागा पुन्हा कोरी होते. रंगाचा खर्च नाही, पुसण्याचे काम नाही. पाण्याने लिहिताना एक गोष्ट नीट पाहावी. रेषेच्या सुरुवातीला पाती भरलेली असतात, शेवटाकडे ती कोरडी पडतात आणि रेषा फाटते, आतून जमीन दिसू लागते. हा फाटलेपणा झाकू नये. हात कुठून निघाला आणि कुठे थांबला हे वाचणाऱ्याला त्यातूनच कळते.

फडा जड वाटत असेल तर गादीच्या फोमची सहा इंची पट्टी दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून बसवावी. ती रंग जास्त पिते आणि रेषा गुळगुळीत येते. सुरुवातीला ती सोपी जाते.

शब्द

पहिल्या भिंतीसाठी शब्द दोन किंवा तीन अक्षरांचा निवडावा. गावात रोज बोलला जाणारा, पण भिंतीवर सहसा न दिसणारा शब्द असेल तर उत्तम. ‘पऱ्हाटी’, ‘बंडी’, ‘तुराटी’, ‘सांज’ असे शब्द लिहिलेले पाहून लोक थांबतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. घोषणा किंवा सुविचार घेण्याचा मोह टाळावा. सुविचारांनी आपल्या भिंती आधीच भरलेल्या आहेत आणि लांब वाक्यात हाताचा ओघ टिकत नाही.

उदाहरणासाठी ‘वावर’, म्हणजे शेत, हा शब्द घेऊ. यात व दोनदा येतो. छापील अक्षरात दोन्ही व सारखेच असतात, हाताने लिहिलेल्या शब्दात ते सारखे असू नयेत. पहिल्या व चे पोट भरीव आणि जमिनीला टेकल्यासारखे ठेवावे, दुसऱ्याचे थोडे वर उचललेले आणि मोकळे. मधला काना दोघांना जोडणारा नसून दोघांमध्ये श्वास देणारा आहे, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची जागा डोळ्यांनी मोजून सारखी करावी. व चे पोट काढताना उभ्या दंडापाशी सुरू करून डावीकडे वर जावे, तिथून वळून खाली यावे आणि पुन्हा दंडाला मिळावे. कोन न बदलता हा फेरा पूर्ण केला तर पोटाची जाडी आपोआप योग्य ठिकाणी येते.

खरी अडचण येते ती र पाशी. र चा पाय वरून उजवीकडे खाली उतरतो, म्हणजे नेमका धारेच्या दिशेने, आणि म्हणून तो सुतासारखा बारीक पडतो. कागदावर हे खपून जाते, पण रस्त्यावरून पाहिल्यावर र चे डोके हवेत लटकल्यासारखे दिसते. यावर दोन उपाय आहेत. एक, पाय काढता काढता काठी बोटांत हळूच फिरवून धार आडवी करत जायची, म्हणजे पाय वरून बारीक आणि खाली भरदार होतो. दोन, पायाचा उतार बदलून तो जवळजवळ आडवा, उजवीकडे लांब ओढायचा. मला दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण ‘वावर’ या शब्दाच्या शेवटी तो पाय नांगराच्या तासासारखा लांब जातो आणि शब्दाच्या अर्थाला धरून राहतो. आकाराची अशी मोकळीक अर्थातून आलेली असली की ती शोभते.

मोकळीक कुठे घ्यावी आणि कुठे घेऊ नये हे इथेच सांगणे योग्य होईल. वेलांटी, उकार, मात्रा, रफार, अनुस्वार आणि शेवटच्या अक्षराचा पाय हे भाग लांबवता, वळवता आणि भिंतभर नेता येतात. अक्षराची ओळख ठरवणाऱ्या जागा मात्र जशाच्या तशा राखाव्या लागतात. भ आणि ध यांची शिरोरेषा तुटलेली असते, म आणि घ यांची सलग असते. भरधाव हाताने सगळ्या शब्दावरून एकच रेघ ओढली की ‘भात’चा ‘मात’ होतो आणि ‘धन’चे ‘घन’ होते. ख चे दोन भाग दूर गेले तर तो ‘रव’ वाचला जातो. ल आणि श लिहिताना मराठी वळण ठेवावे. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच आपली रूपे आहेत आणि राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही तीच धरली आहेत. संगणकावरचे अक्षर पाहून नक्कल करणाऱ्यांच्या हातून इथे हमखास चूक होते.

माझी पहिली मोठी भिंत मी इतकी सजवली होती की तीत सात-आठ ठिकाणी फराटे आणि बाण होते. काम झाल्यावर समोरच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाबू, रंग लय चांगला हाय. पण लिवलं काय हाय? मले तं काई समजत नाई.” त्या प्रौढ वयात साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. एक-एक अक्षर लावून वाचणाऱ्या त्या बाईंना मी रोज त्यांच्या दारासमोर उभा राहणारा शब्द वाचू दिला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून आराखडा कागदावर झाला की तो मी दोन माणसांना दाखवतो, एक नुकते वाचायला शिकलेले मूल आणि एक वयस्क माणूस. दोघांनी न अडखळता वाचला तरच तो भिंतीवर जातो.

मोडीकडून काय घ्यावे

न्यूयॉर्कच्या ग्राफिटीची सुरुवात नाव लिहिण्यातून झाली. आपले टोपणनाव आणि राहत्या रस्त्याचा क्रमांक शहरभर लिहिणाऱ्या ‘टाकी १८३’ची बातमी तिथल्या वर्तमानपत्रात १९७१ मध्ये आली. असे झटपट लिहिलेले नाव म्हणजे टॅग, आणि टॅगचे सगळे सौंदर्य हात न उचलता लिहिण्याच्या वेगात असते. मोडीचेही तसेच आहे. टाक न उचलता भराभर लिहिता यावे म्हणून ती वळली. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरे लोंबकळत सोडत जायची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत. म्हणून सुलेखन आणि ग्राफिटी यांचा मेळ मराठीत कुठे सहज बसतो असे कोणी विचारले तर मी मोडीकडे बोट दाखवतो.

भिंतीवर मोडीचा उपयोग पार्श्वभूमीसाठी करावा. मुख्य शब्दाच्या मागे फिकट रंगात, एक इंची ब्रशने, मोडीच्या ओळी एकाखाली एक लिहीत जाव्यात, म्हणजे भिंतीला जुन्या दस्तऐवजाच्या कागदासारखा पोत येतो. मात्र मोडी शिकूनच लिहावी. मोडीसारखे दिसणारे निरर्थक फराटे मारणे हे त्या लिपीशी प्रामाणिक वागणे नव्हे, आणि गावात एखादा तरी माणूस आजोबांचे कागद वाचण्यासाठी मोडी शिकलेला निघतो. ओळींत पिकांची नावे, नाल्यांची नावे किंवा गावातल्या शेतांची जुनी नावे लिहिता येतात. ती म्हाताऱ्या माणसांना विचारून गोळा करावीत.

विदर्भाची आणखी एक अक्षरपरंपरा आहे, ती महानुभावांच्या सकळ लिपीची. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे या पंथाचे मोठे स्थान. आपले ग्रंथ सर्वांच्या हाती पडू नयेत म्हणून पंथातल्या मंडळींनी सांकेतिक लिप्या वापरल्या. ग्राफिटीतही वाइल्डस्टाइल नावाची गुंतलेली अक्षरे केवळ जाणकारांनी वाचावीत म्हणून काढली जातात. हे साम्य मला विलक्षण वाटते, आणि तरीही सकळ लिपीची अक्षरे मी भिंतीवर लिहीत नाही. ज्यांच्यासाठी ती लिपी पवित्र आहे त्यांना विचारल्याशिवाय ती कोणीही रस्त्यावर आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंत, परवानगी आणि हंगाम

भिंत कोणाची आहे हे आधी पाहावे. घराची असेल तर मालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीची असेल तर ठराव, जिल्हा परिषदेच्या शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची परवानगी घ्यावी. परवानगीविना भिंत रंगवणे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपणविरोधी कायद्याखाली येऊ शकते, आणि आचारसंहितेच्या काळात तर भिंतीवरचे कोणतेही लेखन संशयाने पाहिले जाते. जुन्या हेमाडपंती देवळांच्या, गढ्यांच्या आणि किल्ल्यांच्या दगडावर, मग तो गाविलगड असो की नरनाळा, रंगाचा थेंबही टाकू नये. रात्री लपून लिहिण्यात ग्राफिटीचा थरार आहे असे काही तरुण म्हणतात. गावात मात्र भिंतीचा मालक सकाळी आपल्याला चहाला बोलावणारा माणूस असतो, आणि त्याच्यासमोर दिवसाढवळ्या लिहिण्यात जो आनंद आहे तो लपून लिहिण्यात नाही.

भिंत निवडताना रंगापेक्षा ओल महत्त्वाची. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव पावसात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात आकसण्याचा आहे, त्यामुळे पाया उथळ असलेल्या भिंतींना तिरक्या भेगा जातात. अशा भेगेवरून शब्दाचा मुख्य दंड जाऊ देऊ नये, भेग दोन अक्षरांच्या मधल्या जागेत येईल अशी रचना करावी. तळहाताने भिंत चोळल्यावर पांढरी भुकटी हाताला लागली तर तो लोणा असू शकतो. एका आवारभिंतीवर मी लोणा न खरवडता थेट रंग दिला होता आणि पहिल्या हिवाळ्यातच शब्दाचा खालचा अर्धा भाग पापुद्र्यांनी गळून पडला. लोणा तारेच्या ब्रशने कोरडा खरवडून काढावा, ओल कुठून चढते ते शोधून थांबवावे आणि ती थांबत नसेल तर दुसरी भिंत पाहावी. संशय असेल तर संध्याकाळी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवून ठेवावा. सकाळी आतून घाम आलेला दिसला तर भिंत अजून ओली आहे. सिमेंटचे नवे प्लास्टर असेल तर किमान चार आठवडे जाऊ द्यावेत.

पावसाचा मारा आपल्याकडे मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेली भिंत जास्त वर्षे टिकते. काम दिवाळीनंतर ते होळीच्या आधी करावे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या भिंतीवर ब्रश टेकताच रंग ओढला जातो आणि रेषा मधेच अडते. तेव्हा लिहायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत काम संपवावे.

विटा-सिमेंटच्या भिंतीवर बाहेरच्या कामाचे प्रायमर एक हात आणि बाहेरच्या कामाचे ॲक्रिलिक इमल्शन दोन हात द्यावेत. दहा फूट बाय सहा फूट भिंतीला दोन हातांसाठी साधारण एक ते सव्वा लिटर इमल्शन लागते. हव्या त्या छटेसाठी पांढऱ्यात स्टेनरच्या बाटल्या मिसळाव्यात. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीवर मात्र इमल्शन लावू नये. मातीची भिंत श्वास घेते, प्लास्टिकसारखा थर तिच्यावर फुगतो आणि मातीसकट निघतो. तिथे कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात भिजवलेला बाभळीचा डिंक घालून लिहावे. रंगासाठी गेरू, पिवळी माती आणि कपड्यांची नीळ पुरेशी आहेत, हे रंग चुन्यात मरत नाहीत. चुना ब्रशचे केस खातो, म्हणून चुन्यासाठी फड्याचीच लेखणी वापरावी. तो हातांना आणि डोळ्यांनाही भाजतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालावा.

लिहिण्याचा दिवस

आदल्या दिवशी पार्श्वभूमी पूर्ण करावी. रोलरने दोन-तीन फिकट छटांचे मोठे पट्टे, त्यांवर मोडीच्या ओळी, हवे असल्यास जुन्या फडक्याने अर्धवट पुसलेले भाग. ग्राफिटीची ही थरांची समज फार उपयोगाची आहे. खालचा थर थोडा दिसत राहिला की भिंतीला वय येते.

सकाळी भिंतीवर गेरूत बुडवलेली दोरी ताणून झटकावी आणि शिरोरेषेची व तळाची अशा दोन ओळी उमटवाव्यात. त्यांपलीकडे आखणी करू नये. अक्षर कुठे सुरू होते, पोट कुठवर येते, पाय कुठे थांबतो, एवढेच ठिपके खडूने द्यावेत. बाह्यरेषा आखली की हात लिहिणे सोडून तिचा माग काढू लागतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शिडीवर चढून लिहू नये, शिडीवर अंग मोकळे हलत नाही. हात पुरत नसेल तर दोन भक्कम ड्रमवर रुंद फळी टाकावी आणि एका माणसाने ती धरून उभे राहावे.

रंग दह्यापेक्षा किंचित पातळ असावा. लेखणी पसरट घमेल्यात बुडवून कडेवर एकदा निथळावी. मग कोरड्या हाताने, भिंतीला न टेकता, तीच हालचाल तीन-चार वेळा करून पाहावी. श्वास सोडता सोडता लेखणी टेकवावी आणि रेषा संपेपर्यंत थांबू नये. ओघळ आला तर येऊ द्यावा, त्याला लगेच पुसायला गेले की डाग होतो. रेषा मनासारखी आली नाही तरी दुसरा हात फिरवू नये. संपूर्ण शब्द लिहून झाल्यावर दहा-पंधरा पावले मागे जावे, रस्त्यापलीकडून पाहावे आणि खरोखरच बिघडले असेल तर पार्श्वभूमीच्या रंगाने पूर्ण अक्षर झाकून ते वाळल्यावर पुन्हा लिहावे.

शिरोरेषा मी शेवटी ओढतो. लेखणी भरून घ्यायची, कोन धरायचा आणि भिंतीलगत चालत जायचे. हात जागचा हलवायचा नाही, पावलांनी रेषा काढायची. ‘वावर’साठी सात फूट चालावे लागले होते. त्या सात फुटांत पाती हळूहळू कोरडी होत गेली आणि र वर पोहोचताना रेषेतून मागची मोडी दिसू लागली.

स्प्रेचा डबा यानंतर हातात घ्यावा. तो दोन-तीन मिनिटे हलवून, कागदावर एक फवारा मारून पाहावा. भिंतीपासून वीतभर अंतरावर धरला तर रेषा नेमकी येते, हातभर दूर नेला तर धुके पडते. या धुक्याने अक्षराच्या कडेला सावली किंवा उजेड देता येतो, वेलांटीचे टोक विरघळवता येते. अक्षराच्या आत फवारू नये, फाटलेल्या रेषेचे सौंदर्य त्याने बुजते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि नाकावर रुमाल न बांधता फिल्टरचा मास्क लावावा, कारण रुमालातून रंगाची वाफ सरळ आत जाते. तालुक्याच्या ठिकाणी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात हे डबे मिळतात. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत फवारावा, नाहीतर तोंड बंद होते.

सही खालच्या कोपऱ्यात, चार बोटांपेक्षा मोठी नसावी, सोबत महिना आणि साल असावे. भिंत पूर्ण वाळायला आठवडा द्यावा. इमल्शनवर हवा असल्यास बाहेरच्या कामाचा पारदर्शक थर द्यावा, चुन्यावर मात्र तो देऊ नये. वापरलेल्या प्रत्येक छटेचा वाटीभर रंग झाकणाच्या बाटलीत भरून, बाटलीवर भिंतीचे नाव लिहून ठेवावा. पोळ्याच्या सुमारास, पावसाचे दोन महिने झाल्यावर, एकदा भिंतीकडे जाऊन तळाची हातभर जागा पाहावी, कारण जमिनीवरून उसळलेले थेंब आणि चिखल आधी तिथेच लागतात. पापुद्रा सुटू लागला असेल तर तेवढाच भाग खरवडून, वाळवून, राखलेल्या रंगाने पार्श्वभूमी भरावी आणि र चा पाय पुन्हा एका ओघात लिहावा.